कॉलेजची तयारी, पण स्वतःची ओळख न पुसता : भिवंडीचे पाडे आणि 'मिलिंद'चा धडा

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे आठवतात. पण पडघा, अंबाडी, वज्रेश्वरीकडे वळले की कातकरी, वारली, मल्हार कोळी बांधवांचे पाडे लागतात. तालुक्यातील काही गावे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली येतात. या पाड्यांवरील मुले कॉलेजात का पोहोचत नाहीत, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीचाही आहे.

पहिली अडचण स्थलांतराची. भातकापणी उरकली की अनेक कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवरच 'भोंगाशाळा' चालवल्या, त्या याच कारणाने. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी.

दुसरी अडचण भाषेची. घरी कातकरी किंवा वारली बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि अकरावी विज्ञानाला एकदम इंग्रजी. मूल बोलत नाही म्हणून त्याला 'कच्चे' ठरवले जाते.

तिसरी अडचण कागदांची. जात पडताळणीत अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्यांनी तो आणायचा कुठून?

यावर उपाय केवळ सीईटीचा क्लास नाही. मुलाच्या जगण्यातून विषयाकडे नेणारी तयारी हवी. कातकरी हे नाव खैरापासून कात काढण्याच्या धंद्यावरून आले. खैराचे लाकूड उकळून, अर्क आटवून कात करणे हे रसायनशास्त्रच आहे. आपल्या पूर्वजांना हे येत होते, हे कळलेले मूल वर्गात मान खाली घालून बसत नाही.

आपल्याला हे नवे नाही. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज सुरू झाले. औरंगाबादच्या कॉलेजला नाव मिळाले मिलिंद, भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. प्रश्न विचारणे ही आपली परंपरा आहे, हे विद्यार्थ्याला कॉलेजच्या नावातूनच कळत होते. त्याच कॉलेजात शिकवणाऱ्या प्रा. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले. पदवी आणि अस्मिता एकमेकींच्या आड आल्या नाहीत.

मात्र एक पथ्य पाळावे. आदिवासी मुलांना आपली ओळख द्यायला जायचे नाही. त्यांची ओळख त्यांच्याजवळ आहे. ती वर्गात यायला जागा करून द्यायची.

भिवंडीतील युवक काय करू शकतात? विहारात दहावी-बारावीची अभ्यासिका पाड्यांवरील मुलांसाठीही उघडी ठेवा. जातीचा दाखला आणि पडताळणीचा अर्ज प्रवेशाच्या तोंडावर नव्हे, अकरावीतच सुरू करा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना स्वयम् योजनेतून भोजन-निवासाचे पैसे मिळतात. त्यासाठी शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात सोबत जा. कॉलेजचे पहिले सहा महिने फोन करत राहा, कारण मूल बहुधा तेव्हाच परत फिरते.

'शिका' हा शब्द आपल्यापर्यंत कोणीतरी पोहोचवला होता. तो पडघ्याच्या पाड्यापर्यंत नेणे आता आपल्याकडे आहे.

जय भीम!