दंडाचे हाड मोडले तर
– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



या पानावर मी नेहमी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, खताचे हप्ते असले लिहितो. या खेपेला हाडावर लिहितोय. शेतकी डिप्लोमावाल्याला हाडातले काय कळते, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. पण गेल्या वर्षी लागणीचा प्लॉट बघून येताना पाटाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या वाटेवर मोटारसायकल घसरली आणि माझा डावा दंड मधोमध मोडला. तेव्हापासून जे सोसले आणि डॉक्टरांना खोदून खोदून विचारले, ते सांगतो. लिहिण्याला आणखी एक कारण आहे, ते शेवटी येईल.

खांद्यापासून कोपरापर्यंत हाड एकच. पण ते खांद्याजवळ, मधोमध आणि कोपराच्या वर असे तीन ठिकाणी मोडते, आणि तिन्ही ठिकाणची तऱ्हा वेगळी.

खांद्याजवळ मोडते ते बहुतेक म्हाताऱ्या माणसांचे. हाडे ठिसूळ झालेली असतात, अंगणात पाय घसरतो आणि माणूस हातावर पडतो. हाड फारसे सरकले नसेल तर दोन-तीन आठवडे हात गळ्यात बांधायचा आणि मग डॉक्टर सांगतील तसे हलवायला लागायचे. कमरेत वाकायचे, हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. ब्रिटनमध्ये हाड सरकलेल्या २५० रुग्णांवर अभ्यास झाला. तो २०१५ साली छापून आला. ऑपरेशन केलेले आणि नुसता हात बांधलेले यांच्यात दोन वर्षांनी काही फरक दिसला नाही. सांधाच निखळला असेल तर गोष्ट वेगळी. पण ‘आजीला जपायचं’ म्हणून चार-चार महिने हात गळ्यातच ठेवला तर खांदा आखडतो. मग तिला स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नाही.

आता माझे. हाडाच्या मधल्या भागाला मागून एक शीर वळसा घालून जाते, जशी उसाला हरणखुरी. मनगट आणि बोटे वर उचलण्याचा हुकूम त्याच शिरेतून जातो. तिथे हाड मोडले की दहातल्या एखाद्याची ती शीर दुखावते. मी त्यातलाच निघालो. डॉक्टर म्हणाले, “अंगठा वर करून दाखवा.” होईना. पंजा सुकलेल्या वाढ्यासारखा खाली लोंबत होता. मला वाटले, हात गेला. पण ही शीर बहुधा तुटलेली नसते, नुसती दबलेली किंवा ताणलेली असते आणि बहुतेकांची काही महिन्यांत आपोआप जागी होते. तोवर मनगटाला आधाराची पट्टी लावायची आणि दुसऱ्या हाताने बोटे सरळ करीत राहायची. दहाव्या आठवड्यात जेवताना माझे मनगट किंचित उचलले गेले. ताट बाजूला सारून मी मंडळींना हाक मारली.

हाडासाठी मला ऑपरेशन लागले नाही. सूज उतरल्यावर प्लॅस्टिकचा ब्रेस मिळाला. अमेरिकेतल्या डॉ. सार्मिएंतो यांनी १९७७ साली या ब्रेसवर लिहिले, तेव्हापासून तो चालत आला आहे. यात एक गंमत आहे. कोपर उशीवर किंवा टेबलावर टेकवायचे नाही. हाताच्या वजनानेच हाड सरळ ओढले जाते. त्यामुळे पहिले काही आठवडे मी खुर्चीत टेकून झोपलो. हाड जुळायला दोन-तीन महिने जातात. सगळ्यांचेच जुळते असे मात्र नाही. फिनलंडमधल्या २०२० सालच्या अभ्यासात ब्रेस लावलेल्या दहापैकी तिघांना नंतर ऑपरेशन करावे लागले. म्हणून दर तपासणीला जायचे. बिडी-सिगारेटने हाड जुळायला वेळ लागतो हे सिद्ध झालेले आहे. तंबाखू-मशेरीतही तेच निकोटिन असते. माझी पुडी तेव्हाच सुटली.

आता ते दुसरे कारण. तीन हंगामांपूर्वी माझ्याच गटात एका तोडणी टोळीतला सात वर्षांचा मुलगा गाडीवरून पडला. कोपराच्या जरा वर मोडले होते. लहान मुलांचे तिथेच जास्त मोडते आणि तिथूनच हाताची मोठी रक्तवाहिनी जाते. जवळच्या एका वैद्याने कामट्या लावून करकचून बांधले. दुसऱ्या दिवशी मी फडावर गेलो, तर पोर बोटांना हात लावू देईना. बोटे निळसर दिसत होती. बाप म्हणाला, “साहेब, हाड बसवलंय, ठणकणारच की.” मीही मान डोलावली आणि पुढच्या फडाला गेलो. आवळलेल्या हातात रक्त पोचले नाही तर काही तासांतच स्नायू मरायला लागतात. हे दुखणे जर्मनीतल्या फोल्कमान यांनी १८८१ सालीच लिहून ठेवले आहे. मला माझ्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले. त्या मुलाची दोन ऑपरेशने झाली. आता तो पेन्सिल धरतो, पण मूठ पुरती उघडत नाही.

म्हणून माझा दंड मोडला आणि आबा म्हणाले, “आरं, आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या वैद्यच हाड बसवतोय,” तेव्हा मी म्हणालो, “आबा, तुमचं खरं, पण आधी फोटो काढू.”

फडात, फळीवरून मोळी चढवताना किंवा घरी, कुठेही दंड मोडला तर तो ओढू नका, चोळू नका. आहे त्या स्थितीत टॉवेलची झोळी करून गळ्यात अडकवा आणि दुसऱ्या पंच्याने हात छातीशी सैलसर बांधा. बांगड्या, अंगठी, कडे लगेच काढा, सूज चढल्यावर निघत नाहीत. भूल द्यावी लागेल म्हणून चहाही पाजू नका. हाड कातडीबाहेर आले असेल तर स्वच्छ कापड झाकून १०८ ला फोन करा. प्लॅस्टर घातल्यावर बोटे थंड, निळी वा बधिर पडली, किंवा बोट सरळ करताच पोर किंचाळले, तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठा. दाखल होताना ते रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, एवढे विचारा.

माझा हात आता डोक्यावर जातो. पाठीमागे मात्र अजून पट्ट्यापर्यंत पोचत नाही. व्यायाम चालू आहे. आमच्या गट ऑफिसात मी झोळीचे चार त्रिकोणी कापड ठेवले आहेत, मुकादमांनी येऊन बघून जावे.