पिसांची माशी आणि वाहतें पाणी

मासे धरण्याच्या कलेविषयीं आपल्या घरांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत लिहिणें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. ज्या घरांत मासळी शिजत नाहीं त्या घरास गळाशीं काय कर्तव्य, असें वडील मंडळी विचारतील, आणि त्यांचें विचारणें रास्तही आहे. परंतु ज्या कलेचा विचार येथें करावयाचा आहे तिचें मर्म मासा ताटांत वाढण्यांत नसून नदी ओळखण्यांत आहे. कोणत्या महिन्यांत कोणता कीटक पाण्यावर उडतो, ओघ कोठें वळतो, कोणत्या शिळेच्या आडोशास मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, हें ज्यास ठाऊक नाहीं त्याच्या हातीं या कलेंत कांहींच लागत नाहीं. असें ज्ञान आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या दोन थोर नद्यांवर आज कितपत उरलें आहे, हा प्रश्न एकट्या शिकाऱ्याचा नव्हे. तो नदीकाठच्या प्रत्येक घराचा आहे.

या कलेचें इंग्रजी नांव 'फ्लाय फिशिंग'. नेहमींच्या गळास गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात आणि शिशाच्या वजनानें दोरी पाण्यांत जाते. येथें आमिष म्हणजे बारीक गळावर रेशमी धाग्यानें बांधलेलीं एक-दोन पिसें. त्यांस वजन असें नाहींच. म्हणून फेकावयाची ती माशी नव्हे, तर दोरीच. ही दोरी जड असून टोकाकडे निमुळती होत जाते. लांब व लवचिक काठीनें ती मागें-पुढें खेळविली म्हणजे चाबकासारखी हवेंत उलगडत जाते. तिच्या टोकास दिसेल न दिसेल असा तंतु असतो, आणि तंतूच्या टोकाची माशी पाण्यावर इतकी हलकेंच उतरते कीं माशास ती खराच कीटक वाटते. कोरडी माशी पाण्यावर तरंगते. ओली माशी पाण्याखालीं, अळी पोहावी तशी वाहत जाते. मासा आज काय खात आहे हें ओळखून तशी माशी निवडावी लागते. पाण्याकडे घटकाभर पाहत बसणें हा या विद्येचा पहिला धडा होय.

विद्या जुनी आहे. ईलियन नांवाच्या ग्रंथकारानें इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभीं मॅसिडोनियांतील लोकांची हकीकत लिहून ठेविली आहे. तेथील नदींतील ठिपक्याठिपक्यांचे मासे एका विशिष्ट माशीवर झेप घालीत. ती माशी हातांत धरतांच विटून जाई. म्हणून ते लोक गळास तांबडी लोकर गुंडाळून कोंबड्याचीं दोन पिसें बांधीत. इंग्लंडांत 1496 सालीं या विषयावर निबंध छापला गेला. 1653 सालीं आयझॅक वॉल्टन याचें सुप्रसिद्ध पुस्तक आलें, आणि 1676 च्या आवृत्तींत चार्ल्स कॉटन यानें त्यास पिसांच्या माशीचें प्रकरण जोडलें.

आपल्याकडे गळाची विद्या नव्हती असें मात्र कोणीं समजूं नये. अमरकोशांत गळास 'बडिश' व 'मत्स्यवेधन' हे शब्द आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचिला. त्यांत 'मत्स्यविनोद' या नांवाचें प्रकरण आहे. समुद्रांतील मासे कोणते, नदींतील कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणास कोणतें खाद्य घालून ठिकाणास लावावें, दोरी व काठी कशाची असावी, याचा त्यांत व्यवस्थित विचार आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं या ग्रंथाचें संपादन केलें. सोमेश्वराचा सारा भर खाण्याच्या आमिषावर आहे. परंतु मासा धरण्यापूर्वीं त्याची रीतभात जाणली पाहिजे, हें तत्त्व मात्र तेंच. त्याहून जुना दाखला अशोकाचा आहे. आपल्या पांचव्या स्तंभलेखांत त्यानें चातुर्मास्यांच्या पौर्णिमांच्या व कांहीं इतर तिथींच्या सुमारास मासे मारूं नयेत व विकूंही नयेत, असा नियम घालून दिला. मासा धरण्यास काळवेळ आहे, ही जाणीव आपल्या भूमींत एवढी प्राचीन आहे.

काळवेळ म्हणजे काय, हें आपल्या नद्यांवरूनच पाहावें. जिल्ह्यांतून तापी वाहते. प्रकाशें येथें सातपुड्यांतून उतरलेली गोमाई तिला मिळते. उत्तर सीमेवर नर्मदा. आषाढ-श्रावणांत दोहोंचें पाणी गढूळ. मासा तेव्हां डोळ्यानें कांहीं पाहूं शकत नाहीं, मग पिसांची माशी दाखवावी कोणास? शिवाय तो प्रजननाचा काळ. जातिवंत शिकाऱ्याची काठी त्या दिवसांत खुंटीवरच असावयाची. आश्विन-कार्तिकांत पूर ओसरून पाणी निवळतें, तळाचे गोटे दिसूं लागतात, आणि माशीचा खरा हंगाम सुरू होतो. पौषांत थंडी पडली म्हणजे मासा खोल डोहांत सुस्तावतो. फाल्गुन-चैत्रांत पाणी पुन्हां कोंबट होतें, सांजवेळीं कीटकांचे थवे उठतात, आणि पाण्यावर वर्तुळें उमटूं लागतात. वैशाख-ज्येष्ठांत ओहळ तुटून मासे डोहांत कोंडले जातात. कोंडलेल्या माशास धरण्यांत कौशल्यही नाहीं आणि धर्मही नाहीं. डोहांत विष कालविणें अथवा सुरुंगाची दारू उडविणें हें तर 1897 च्या कायद्यानेंच गुन्हा ठरविलेलें आहे.

या नद्यांचा मानकरी म्हणजे महाशीर. तळहाताएवढे खवले, जाड ओठ, आणि जबड्याऐवजीं घशांत दांत. तो पाणकीटक खातो, शिंपल्या फोडतो, काठच्या उंबराचीं पडलेलीं फळेंही गिळतो. पूर आला म्हणजे तो ओघाविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ, उथळ, गोटाळ पाण्यांत अंडीं घालतो. तीं अंडीं तळाशीं बसतात. त्यांवरून ताजें पाणी खेळत राहिलें तरच त्यांतून पिलें निघतात. म्हणजे या माशाचा वंश सर्वस्वीं वाहत्या पाण्यावर अवलंबून आहे. शूलपाणीच्या झाडींतून परिक्रमा करणाऱ्या आपल्या मंडळींनीं नर्मदेचे जे खडकाळ घाट व फेसाळ ओघ पाहिले, तेंच याचें घर होतें.

इंग्रज अंमलदारांस हा मासा पाहून वेड लागलें. हेन्री सलिव्हन टॉमस याचें 'द रॉड इन इंडिया' हें पुस्तक 1873 सालीं निघालें. 1946 सालीं म्हैसूर प्रांतांत कबिनी नदींत गळाला लागलेला महाशीर 120 पौंडांचा होता. एवढ्यानेंही त्यांचें समाधान झालें नाहीं; मायदेशींचा ट्राउट मासा त्यांस येथें हवा होता. काश्मिरासाठीं निघालेलीं अंडीं 1899 सालीं वाटेंतच मेलीं, पुढील वर्षीं आलेलीं जगलीं, आणि लिद्दरसारख्या नद्यांत आजही देशोदेशींचे लोक उन्हाळ्यांत ट्राउटसाठीं माशी टाकतात. निलगिरींतही विसाव्या शतकाच्या आरंभीं ट्राउट रुजविला गेला. हिमालयाच्या पायथ्याशीं रामगंगेच्या खोऱ्यांत महाशिरासाठीं माशी टाकणारे आज बहुधा धरलेला मासा ओल्या हातानें सोडवून जिवंत परत पाण्यांत सोडतात. तरीही गळाची इजा ती इजाच, ही अहिंसावाद्याची हरकत अगदींच फेटाळतां येत नाहीं.

दूरच्या पाण्यांचें हें वैभव ऐकून घरच्या पाण्याकडे वळावें, तों चित्र पालटलेलें दिसतें. तापीवर गुजराथेंत उकाईचें धरण 1972 सालीं पुरें झालें. त्याचा फुगवटा आपल्या नवापूर-नंदुरबारपर्यंत येतो. पुढें प्रकाशें व सारंगखेडें येथें बंधारे झाले. नर्मदेवर सरदार सरोवराची उंची 138.68 मीटर झाली आणि 2019 च्या सप्टेंबरांत तें प्रथमच कांठोकांठ भरलें. हा जलाशय सुमारें 214 किलोमीटर लांब आहे. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील मणिबेलीपासूनचीं 33 गांवें त्याच्या बुडितांत आलीं, आणि परिक्रमेची जुनी वाटही पाण्याखालीं गेली. धरणांनीं शेतांस पाणी दिलें, तहानलेल्या गांवांस दिलें, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु ओघ थांबला तेथें गोटाळ उथळ गेला, त्यावर गाळ बसला, आणि त्याबरोबर महाशिराची अंडीं घालण्याची जागाही गेली. उभ्या पाण्यांत कटला-रोहू वाढतात. विस्थापित आदिवासी बांधव सहकारी संस्था करून त्यांवर उपजीविका करीत आहेत, आणि ती त्यांस लाभलीच पाहिजे. तथापि ज्या आजोबास पाण्याच्या नुसत्या आवाजावरून मासा कोठें आहे हें कळत असे, त्याच्या नातवास आतां तो आवाजच ऐकूं येत नाहीं. पुस्तक हरवलें तर त्याची दुसरी प्रत मिळेल. येथें जी लिपि पुसली गेली ती शिकविणारी पाटीच बुडाली आहे.

मग कांहीं करतां येण्याजोगें आहे कीं नाहीं? लोणावळ्यास वळवणच्या तलावाकाठीं महाशिराचीं पिलें निपजविण्याचें काम 1970 च्या दशकापासून चाललें आहे, आणि तें उपयुक्त आहे. परंतु पिलें कोठेंही सोडून भागत नाहीं. निळ्या परांचा महाशीर कावेरींत सोडला गेला आणि तेथील मूळचा, पाठीवर कुबड असलेला महाशीर मागें हटला. 2018 सालीं त्याची नेमकी ओळख पटली, तेव्हां तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होता. ज्या नदीचा मासा त्या नदींतच वाढावा, हा त्यांतील धडा.

खरा उपाय आपल्या पूर्वजांनीं योजून ठेविला आहे. महाडजवळ काळ नदींत वाळणकोंड, आणि वाड्याजवळ वैतरणेवर तिळसें येथील शिवालयाचा डोह, या ठिकाणीं देवाचे म्हणून महाशीर राखले जातात. त्यांस कोणी धरीत नाहीं; यात्रेकरू त्यांस खाद्य घालतात. त्या डोहांस बळ आहे तें श्रद्धेचें, आणि श्रद्धेइतकेंच वाहत्या पाण्याचें. आपल्या जिल्ह्यांतही सातपुड्यांतून उतरणारे ओढे, गोमाईचा वरचा भाग, अक्राणींतून नर्मदेकडे जाणारी उदई, हें पाणी अजून वाहतें. त्यांतील एखादा डोह गांवानें राखला, त्यावरचा वाळूउपसा थांबविला, तर पुराच्या वेळीं वर चढणाऱ्या माशास एक तरी उथळ सांपडेल.

आणि घरांतील मुलांविषयीं एक सूचना. कार्तिकांत पाणी निवळलें म्हणजे त्यांस एकदां अशा ओढ्याकाठीं घेऊन जावें. हातांत काठी नको, गळही नको. घटकाभर गप्प बसवून पाण्यावर कोणता कीटक उतरतो, आणि त्याच्याखालीं वर्तुळ कोठें उमटतें, एवढेंच पाहावयास सांगावें. घरीं परतल्यावर पाहिलेलें तिथीसह वहींत लिहवून घ्यावें, आणि पुढील वर्षीं त्याच तिथीस पुन्हां जाऊन ताडून पाहावें.