चंद्रपूर-गडचिरोली वनजिल्ह्यांतील अभ्याससहल : योग्य काळाच्या निवडीचा विचार

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापनात अभ्याससहलीचे स्थान आता केवळ विरंगुळ्याचे राहिलेले नाही. भूगोल, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास व मराठी वाङ्मय या सर्वच विषयांच्या अभ्यासकांना चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे खुणावत असतात. ताडोबाचे जंगल, मार्कंड्याची मंदिरे, हेमलकसा व आनंदवन येथील कार्य, मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेचा प्रयोग, सिरोंचा तालुक्यातील वडधम येथील जीवाश्म आणि झाडीपट्टीची रंगभूमी एवढी विविधता एका परिसरात क्वचितच आढळते. मात्र सहलीचे नियोजन करताना 'कोठे जावे' या प्रश्नावर जितकी चर्चा होते, तितकी 'केव्हा जावे' या प्रश्नावर होत नाही. सहलीचा काळ बहुधा परीक्षांच्या वेळापत्रकातील रिकाम्या जागेवरून ठरतो. या परिसरात तसे करणे गैरसोयीचे ठरते आणि प्रसंगी धोक्याचेही ठरू शकते. प्रस्तुत लेखात वर्षभरातील निरनिराळ्या काळांचे गुणदोष मांडून काळाची निवड कोणत्या निकषांवर करावी, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

काळाच्या निवडीमागील तत्त्व

पर्यटनाच्या भूगोलात शीत प्रदेशांतील जलपर्यटन हे हंगामाच्या निवडीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. अंटार्क्टिकाकडे पर्यटकांची जहाजे साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळातच जातात, कारण उर्वरित वर्षात समुद्र गोठलेला असतो. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीमही याच कारणाने ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. परंतु या पाच महिन्यांतही 'सर्वोत्तम' असा एकच महिना सांगता येत नाही. अस्पर्श हिम पाहावयाचे असेल तर नोव्हेंबर, पेंग्विनांची पिल्ले व दीर्घ दिवस हवे असतील तर डिसेंबर-जानेवारी आणि देवमासे पाहावयाचे असतील तर फेब्रुवारी-मार्च, अशी ही निवड असते. म्हणजेच निसर्ग प्रथम एक मर्यादा घालून देतो व त्या मर्यादेत प्रवाशाचा हेतू महिना ठरवितो.

हेच तत्त्व आपल्या परिसरालाही लागू पडते. तेथे बर्फ वाट अडवितो, येथे पूर आणि ऊन वाट अडवितात. तथापि एक मूलभूत भेद आहे. अंटार्क्टिकावर कायमची मानवी वस्ती नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचे अरण्य मात्र वस्तीचे अरण्य आहे. म्हणून येथे निसर्गाची मर्यादा व प्रवाशाचा हेतू यांच्या जोडीला तिसरा निकष येतो आणि तो म्हणजे स्थानिक लोकांच्या कामाचे वेळापत्रक.

पावसाळा : जून ते सप्टेंबर

या भागात वर्षाला सामान्यतः १,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतांश भाग या चार महिन्यांतच येतो. वैनगंगा ही दोन्ही जिल्ह्यांची सीमा आहे. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता निर्माण होते, ती पुढे सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते, तर छत्तीसगडच्या सीमेवरून इंद्रावती वाहते. इतक्या मोठ्या नद्यांच्या प्रदेशात पूर हा अपवाद नसून नियम आहे. भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतमी यांचा संगम होतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी गेली अनेक वर्षे जवळपास प्रत्येक पावसाळ्यात वाचावयास मिळते. ठिकठिकाणचे ठेंगणे पूल व रपटे पाण्याखाली जातात.

स्थानिक आकाश निरभ्र असले म्हणजे मार्ग सुरक्षित आहे, असेही मानता येत नाही. वैनगंगेच्या वरच्या भागात झालेला पाऊस व गोसीखुर्द धरणातून सोडलेले पाणी यांचा परिणाम खालच्या गावांवर नंतर दिसतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुरात ब्रह्मपुरी तालुक्यासह नदीकाठच्या अनेक गावांनी हा अनुभव घेतला. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटनासाठी बंद असतो. हाच धानाच्या रोवणीचा काळ असल्याने गावात बोलण्यास माणूस मिळत नाही. सारांश, विद्यार्थ्यांच्या मोठ्या गटाने दुर्गम भागात जाण्यास हा काळ सर्वथा वर्ज्य मानावा. चंद्रपूर शहरातील गोंडकालीन परकोट, महाकाली मंदिर, मामा तलाव अशा मुख्य मार्गांवरील स्थळांच्या एकदिवसीय भेटी तेवढ्या शक्य असतात.

पावसाळ्यानंतरचा काळ : ऑक्टोबर व नोव्हेंबर

दृष्टीला सर्वाधिक सुखावणारा हा काळ आहे. जंगल हिरवे असते, तलाव भरलेले असतात, फुलपाखरे व कीटक विपुल असतात. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गवत व लहान वनस्पती ओळखण्यास हा काळ विशेष अनुकूल होय. परंतु दाट पानोऱ्यामुळे वन्यप्राणी सहज दिसत नाहीत. याहून महत्त्वाची बाब आरोग्याची आहे. महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार गडचिरोली जिल्हा वाहतो आणि पावसाळा व त्यानंतरचे आठवडे हा त्याच्या प्रसाराचा मुख्य काळ असतो. निवासी सहल असल्यास मच्छरदाण्या, अंगभर कपडे व परतल्यावर ताप आल्यास त्वरित रक्ततपासणी या गोष्टी सूचनापत्रकात नमूद करणे अत्यावश्यक ठरते. सहप्रवासी प्राध्यापकांनी परतीनंतर किमान दोन-तीन आठवडे विद्यार्थ्यांची विचारपूस ठेवावी, कारण हिवतापाची लक्षणे अनेकदा घरी पोहोचल्यानंतरच प्रकट होतात.

हिवाळा : डिसेंबर ते फेब्रुवारी

बहुसंख्य सहलींसाठी हाच काळ सर्वांत सोयीचा आहे. रस्ते खुले असतात, दिवस सौम्य असतात व धानाची कापणी आटोपलेली असते. पहाटेचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखालीही जाते, याची पूर्वसूचना विद्यार्थ्यांना द्यावी. ताडोबात उघड्या वाहनातून फिरताना ही थंडी चांगलीच जाणवते. तलावांवर स्थलांतरित पक्षी आलेले असतात. आलापल्लीच्या 'वनवैभव' या राखीव वनात उंच सागवृक्षांखालून निवांतपणे चालता येते. या वनाला २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला आहे.

वाङ्मय व लोककला यांच्या अभ्यासकांसाठी तर या काळास पर्यायच नाही. दिवाळीनंतर मंडईला प्रारंभ होतो आणि वडसा (देसाईगंज) हे केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. गावोगावी रात्रभर चालणारे हे नाट्यप्रयोग होळीच्या सुमारास विरळ होत जातात. झाडीपट्टीचे नाटक एप्रिलमध्ये पाहू, असे ठरविणाऱ्यास ते पाहावयास मिळणार नाही. महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे मोठी यात्रा भरते. लोकजीवनाच्या अभ्यासकाने यात्रेच्याच वेळी जावे. ज्याला मंदिराच्या शिल्पांचा सावकाश अभ्यास करावयाचा आहे, त्याने मात्र ते दिवस टाळावेत. स्थळ एकच असले तरी हेतूनुसार तिथी बदलते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

तथापि हा काळ सर्वांना सारखाच सुखाचा असतो, असे समजण्याचे कारण नाही. हिवाळ्यात मिरची तोडणीसाठी येथील मजूर नदीपलीकडे व तेलंगणातही जातात. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूर (रै) जवळ वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडणीस निघालेल्या सहा महिला बुडाल्या. ज्या महिन्यात नदी आपल्याला शांत व रम्य भासते, त्याच महिन्यात ती ओलांडणे कोणाच्या तरी रोजीचा भाग असते. विद्यार्थ्यांना हौसेखातर डोंग्यातून नदीपार नेण्याचा मोह सहलप्रमुखांनी कटाक्षाने टाळावा. जीवरक्षक जाकिटे नसतील तर नावेत बसूच नये, मग ऋतू कोणताही असो.

उन्हाळा : मार्च ते मे

पानगळ झाल्याने दृष्टी दूरवर जाते व पाणवठे आटत गेल्याने प्राणी उरलेल्या पाण्याकडे येतात. त्यामुळे व्याघ्रदर्शनासाठी एप्रिल-मे हा उत्तम काळ मानला जातो. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावरून पाणवठ्याचे निरीक्षण करण्याची प्रथाही याच कारणाने रूढ झाली. परंतु चंद्रपूर व ब्रह्मपुरी ही देशातील अतिउष्ण ठिकाणांत गणली जातात. मे २०१९ मध्ये चंद्रपूरचे तापमान ४७ अंशांच्याही पुढे गेले होते. अशा उन्हात चाळीस-पन्नास विद्यार्थ्यांना दुपारी हिंडविणे ही नियोजनातील त्रुटी नव्हे, तर बेजबाबदारी होय. मूल तालुक्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांच्या प्रेरणेने सुरू झालेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यातच भरत आली आहे, हे खरे. परंतु तेथे श्रम पहाटे व दुपार सावलीत असा दिनक्रम असतो. उन्हाळ्यात जावयाचेच असल्यास हा क्रम अनुकरणीय आहे.

स्थानिक कामाचे वेळापत्रक

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात व मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. दोन्ही कामे पहाटे सुरू होतात. मोहफूल पहाटेच वेचावे लागते, तर तेंदूची पाने सकाळी तोडून, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून सायंकाळी फळीवर न्यावे लागतात. तेंदूचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो, पण अनेक कुटुंबांच्या वर्षभराच्या रोख उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्यातूनच येतो. प्रस्तुत लेखक काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या आरंभी सर्वेक्षणासाठी विद्यार्थ्यांसह एका गावी गेला असता सकाळी सात वाजता गावात केवळ वृद्ध व लहान मुले आढळली. प्रश्नावल्या तशाच कोऱ्या परत आल्या. त्या वेळी लोक असहकार्य करतात असे वाटले होते. वस्तुतः चूक आमच्या तारखेची होती.

या वेळापत्रकाची एक गंभीर बाजूही आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करणाऱ्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. ज्या कारणांनी मे महिना पर्यटकास व्याघ्रदर्शनासाठी 'उत्तम' वाटतो, जवळपास त्याच कारणांनी तो पाने तोडणाऱ्या स्त्रीसाठी सर्वाधिक धोक्याचा असतो. एकाच महिन्याचे हे दोन अर्थ विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देणे, हे अभ्याससहलीचे खरे प्रयोजन मानावे लागेल. त्यांना वाघ दिसला, पण पाने तोडणारी स्त्री दिसलीच नाही, तर ती सहल झाली, अभ्यास झाला नाही.

माडिया समाजात मोह, आंबा यांसारखे नवे पीक वा फळ 'पंडुम' हा विधी केल्याशिवाय खात नाहीत. प्रत्येक गोष्टीची वेळ येऊ द्यावी, ही दृष्टी या विधीमागे दिसते. बाहेरून येणाऱ्यांनीही ती आत्मसात करण्याजोगी आहे.

विषयनिहाय शिफारशी

उपरोक्त विवेचनावरून पुढील सूचना करता येतील.

१) वनस्पती व कीटक यांच्या अभ्यासासाठी ऑक्टोबरचा उत्तरार्ध व नोव्हेंबर, हिवतापविषयक दक्षतेसह.

२) पक्षी, मंदिरस्थापत्य, जीवाश्म व सामाजिक संस्थांच्या भेटींसाठी डिसेंबर ते मध्य फेब्रुवारी. भामरागड, सिरोंचा यांसारख्या दूरच्या तालुक्यांसाठीही हाच काळ योजावा व किमान तीन दिवस राखून ठेवावेत.

३) झाडीपट्टी रंगभूमीसाठी दिवाळी ते होळी.

४) वन्यप्राणी निरीक्षणासाठी मार्चचा पूर्वार्ध. प्राणी दिसण्याची शक्यता वाढलेली असते व ऊन अद्याप असह्य झालेले नसते. ताडोबा मंगळवारी बंद असते, हे ध्यानात ठेवावे.

५) वनोपजांच्या अर्थव्यवस्थेच्या अभ्यासासाठी एप्रिल-मे टाळता येत नाही. मात्र अशा वेळी चार-पाच विद्यार्थ्यांचाच गट न्यावा, ग्रामसभेची पूर्वसंमती घ्यावी व भेटीगाठी सायंकाळी फळीवर ठेवाव्यात.

समारोप

चंद्रपूर-गडचिरोली परिसरात सहलीसाठी सर्वोत्तम असा एकच काळ नाही. निसर्गाची मर्यादा, अभ्यासाचा हेतू आणि यजमान गावाची सवड या तिन्ही गोष्टी जेथे जुळतात, तो योग्य काळ. महाविद्यालयांनी वार्षिक नियोजन करतानाच, म्हणजे जून-जुलैमध्ये, विभागनिहाय सहलींचे महिने निश्चित केल्यास आयत्या वेळची घाई टळेल. त्यापूर्वी संबंधित गावास एक साधे पत्र पाठवून 'आम्ही केव्हा यावे?' असे विचारण्याची प्रथा पाडावी. या प्रश्नाचे सर्वांत विश्वसनीय उत्तर त्या गावाकडेच असते.