आर-फोरचे दिवस

स्विच २ बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता, तोच मिग हे फ्लॅश कार्ड, म्हणजे गेमच्या प्रती भरून ठेवता येणारं कार्ड, वापरणाऱ्यांची यंत्रं निन्टेंडोने आपल्या ऑनलाइन सेवेतून बाद केली. स्वतः विकत घेतलेल्या गेमची प्रत त्या कार्डावर ठेवणारेही त्यात भरडले गेले. शिवाय कंपनीच्याच काही नव्या कार्डांत आता गेम नसतो, तो उतरवून घेण्याची नुसती किल्ली असते. जून २०२५मधला तो बंदीचा प्रकार मला फार लागला, कारण फ्लॅश कार्डांचा भराचा काळ मी मुंबईत पदरचे पैसे घालून पाहिला आहे.

गेम बॉय आणि गेम बॉय ॲडव्हान्सच्या कार्डांबद्दल तेव्हा सांगण्यासारखं फारसं नव्हतं. महाग, जागा तुटपुंजी, आणि आपल्याकडे ती दिसायचीही क्वचित. चित्र पालटलं ते निन्टेंडोच्याच डीएस या हातातल्या गेमयंत्रामुळे, २००७च्या सुमारास त्यासाठीचं आर-फोर हे फ्लॅश कार्ड हाती आलं तेव्हा. डीएसच्या गेमएवढंच कार्ड, त्याच्या खाचेत २ जीबीपर्यंतची मायक्रोएसडी सरकवायची, की झालं. लॅमिंग्टन रोडवर ते काउंटरखालून निघायचं. सायक्लोडीएस इव्होल्यूशनसारखं भारी कार्ड हवं असेल, तर परदेशातून येणाऱ्या कुणाला तरी गळ घालावी लागे. त्यामुळे गिऱ्हाईक स्वस्ताकडेच वळायचं.

मूळ आर-फोर बनवणाऱ्यांनी २००८नंतर त्याच्या सॉफ्टवेअरकडे पाठ फिरवली. फेब्रुवारी २००९मध्ये टोकियोच्या न्यायालयाने जपानमधली त्याची आयात आणि विक्री थांबवली. नाव मात्र चालत राहिलं आणि त्याखाली नकलांचा पूर आला. एका दुकानदाराने ‘ओरिजिनल आहे, डोळे झाकून घ्या’ म्हणत मला दिलेलं कार्ड त्यातलंच. स्टिकर चकचकीत, पण आतली स्प्रिंग लुळी. मायक्रोएसडी बाहेर काढायला नख घालावं लागे. बदलून मागितलं तर उत्तर मिळालं, ‘चायना मालाची गॅरंटी नसते.’ त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही. पुढच्या काही नकलांनी तर कहर केला. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच मुदत लपवलेली होती. ठरावीक तारीख उलटली की कार्ड सुरूच होत नसे, आणि डीएसच्या सेटिंगमध्ये जाऊन वर्ष मागे नेलं की मेनू निमूट उघडे. बिघाड काहीच नसायचा. गिऱ्हाइकाने पुन्हा पैसे मोजावेत, एवढ्यासाठीच ती योजना होती.

भारी कार्डाचे जास्तीचे पैसे कशाचे, ते गेम बनवणाऱ्यांनीच दाखवून दिलं. ‘झेल्डा : स्पिरिट ट्रॅक्स’ला कार्डाचा सुगावा लागला की आगगाडी चालवायची सोयच पडद्यावरून नाहीशी होई, मायकल जॅक्सनच्या गेममध्ये गाण्यावर व्हुवुझेलांचा कल्लोळ सुरू होई. सायक्लो, एसकार्ड अशी भारी कार्डं बनवणारे त्यावर लगोलग तोड काढत. नकलांना वाली नव्हता. मूळ आर-फोरला मात्र तो उशिरा का होईना, भेटला: एका हौशी प्रोग्रामरने वूड आर-फोर हे सॉफ्टवेअर फुकट वाटलं आणि अडगळीत गेलेली कार्डं पुन्हा धावू लागली. त्या अनोळखी माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

उलट डीएसनंतरच्या थ्रीडीएससाठीचं गेटवे हे कार्ड घ्या. किंमत भरभक्कम. पण नकलांना धडा शिकवायला त्या मंडळींनी २०१४मध्ये सॉफ्टवेअरमध्ये असा कोड पेरला की नक्कल सापडताच गिऱ्हाइकाचं अख्खं यंत्र निकामी व्हावं. पैसे जास्त घेणारा माणूस नियतीचाही चांगला असेल, हा भरवसा तेव्हापासून उडाला.

विकतचे गेम फुकट उतरवणं ही चोरी होती. तिची बाजू मी घेणार नाही. मला हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. डीएसच्या त्याच कार्डांवर हौशी लोकांनी लिहिलेले प्रोग्रामही चालत: मूनशेल गाणी वाजवायचं, डीएसऑर्गनाइझमध्ये रोजनिशी लिहिता यायची, आणि ‘कलर्स!’मध्ये स्टायलसने चित्रं रंगवता यायची. जोर दिला की रेघ जाड उमटे. जेन्स अँडरसनच्या त्या हौशी प्रोग्रामची पुढची आवृत्ती २०१२मध्ये निन्टेंडोच्याच ई-शॉपवर रीतसर विकली गेली. जे कार्ड कंपनी कोर्टात खेचत होती, त्यावरच हे रोप वाढलं होतं. थ्रीडीएसचं ते ई-शॉप मार्च २०२३मध्ये खरेदीसाठी बंद झालं. स्विच २वर असं काही उगवायला कंपनीने जागाच ठेवलेली नाही.

आज जुनं यंत्र बाळगणाऱ्यांना माझं सांगणं आहे. डीएसआय किंवा थ्रीडीएस असेल तर डीएसच्या कार्डावर खर्च करूच नका. डीएसचे गेम कार्डाशिवाय चालवणारं ट्वायलाइट मेनू हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जुन्या डीएसला स्वस्त कार्ड चालेल, पण त्यासोबत येणारी मायक्रोएसडी वापरू नका, चांगली वेगळी घ्या. गेम बॉय आणि ॲडव्हान्ससाठी मात्र हात सैल सोडा. युक्रेनमधलं एव्हरड्राइव्ह घ्या किंवा ईझी-फ्लॅशचं वरच्या दर्जाचं कार्ड घ्या, पण सेव्ह बॅटरीवर टिकतो की बॅटरीशिवाय चालणाऱ्या फ्रॅम चिपवर, आणि सॉफ्टवेअर शेवटचं कधी सुधारलं, हे आधी विचारा. विकणाऱ्याला सांगता आलं नाही, तर पैसे देऊ नका.