जुनी कॉन्टेसा झटके देते तेव्हा

गाडी : कोलकात्याजवळ उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्समध्ये १९८४ ते २००२ बनली. मूळ साचा ब्रिटिश व्हॉक्सहॉलचा, पुढे १.८ लिटरचे इसुझू इंजिन. त्या काळची साहेबी गाडी.

- वेग घेताना झटके : आधी स्वस्तातले संशयित – फ्युएल फिल्टर, प्लग. कार्बोरेटर नंतर.
- ब्रेक दाबताना पेडल थरथरते : बहुधा डिस्कची जाडी असमान.
- झटके आणि जड ब्रेक एकदम : ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी पाहा. ती चिरली की इंजिनात जादा हवा शिरते, ब्रेकही जड होतो. चाचणी सोपी : इंजिन बंद असताना पेडल चार-पाचदा दाबा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. साधारण दर २ वर्षांनी बदलतात.