मेट्रो आली, आता चालायचं कुठून?

पुण्यात डेक्कन जिमखाना मेट्रो स्थानकातून जंगली महाराज रस्त्यावर आलात की फुटपाथ जरा नीट बघा. झाडं, दिवे, बाकं एका पट्ट्यात आणि चालायची वाट वेगळी. सगळी गंमत या वाटणीत आहे! इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत निव्वळ चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, बाजारपेठेत त्याहून जास्त. विजेचा डीपी आणि पाणीपुरीची गाडी त्यात धरायची नाही.

उंचीही तितकीच महत्त्वाची. फुटपाथ १५ सेंटीमीटरपेक्षा उंच झाला की आजी-आजोबा सरळ रस्त्यावरून चालतात. दर गेटपाशी खाली-वर करावं लागलं तर तरुणसुद्धा. म्हणून गेटपाशी फुटपाथ सलग ठेवायचा, चढ-उतार गाडीने करायचा. कोपऱ्यावरचं वळणही आवळून घ्यायचं. ते ऐसपैस असलं की कुणी वेग कमी करतच नाही.

स्कायवॉक मात्र मला पटत नाहीत. माणसांनी जिने चढायचे आणि खालचा रस्ता गाड्यांना आंदण, हा कुठला न्याय?

एक दुखणं उरतंच: गाड्या अडवायला फुटपाथच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांमधली, म्हणजे बोलार्डमधली, फट व्हीलचेअरपुरती ठेवली, तरी त्यातून स्कूटर शिरतेच. तिथे हवालदारच लागतो.