'बॅटल सॉकर' : राक्षस, यंत्रमानव आणि फुटबॉल

प्रस्तावना

चलत्चित्र-खेळ हा विषय आपल्याकडे अभ्यासाबाहेर ठेवण्याचा प्रघात आहे. वास्तविक लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासकास त्यात पुष्कळ सामग्री मिळते. डिसेंबर 1992 मध्ये जपानच्या बॅनप्रेस्टो कंपनीने सुपर फॅमिकॉम या 16 बिट यंत्रासाठी प्रसिद्ध केलेला 'बॅटल सॉकर : फील्ड नो हाशा' हा त्यातील लक्षणीय नमुना होय. मे 1993 मध्ये जपानची व्यावसायिक 'जे लीग' सुरू झाली. तिच्या पूर्वसंध्येला हा खेळ आला.

स्वरूप

अल्ट्रामॅन (1966), कामेन रायडर (1971), गुंडम (1979) आणि गॉडझिला (1954) ही पात्रे येथे एकाच मैदानावर चेंडू खेळतात. अडचण उघड आहे. अल्ट्रामॅन 40 मीटर उंच, गुंडम 18 मीटर, मूळ गॉडझिला 50 मीटर, तर रायडर माणसाएवढाच. त्यांना समोरासमोर आणणार कसे? उत्तर 'एसडी' शैलीत सापडते : डोके मोठे, धड आखूड, सर्वांची उंची सारखी. अल्प बिंदूंच्या पडद्यावर पात्र ओळखू येते ते चेहऱ्यावरून, ही तांत्रिक सोयही त्यातच साधली. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात देव आणि दानव दोघेही मुखवट्यावरूनच ओळखले जातात. तेथे धडाची उंची कोणी मोजत नाही.

पात्रांचे मालक मात्र निरनिराळे. त्यांना एकत्र आणणे बॅनप्रेस्टोस शक्य झाले, याचे एक कारण असे की तिच्यामागे बांदाई ही खेळणी-उत्पादक कंपनी होती, आणि या पात्रांची खेळणी बांदाईच काढीत असे.

आपला संबंध

भारतात 1990 च्या दशकात 'टीव्ही गेम' म्हणून विकली गेलेली बहुतेक यंत्रे 8 बिट फॅमिकॉमच्या नकला होत्या. सुपर फॅमिकॉमचे कार्ट्रिज त्यांत चालणे शक्यच नव्हते. तथापि 1980 च्या दशकात दूरदर्शनने 'जायंट रोबोट' ही मालिका दाखविली होती. ती तोएई या संस्थेची. कामेन रायडरही तिचाच. त्यामुळे पूर्णा तालुक्यातील चुडाव्यासारख्या गावातील आज पन्नाशीकडे झुकलेल्या प्रेक्षकासही हे विश्व सर्वस्वी परके वाटू नये.

जतनाचा प्रश्न

अनेक मालकांचे हक्क गुंतलेल्या खेळाचे पुनःप्रकाशन करावयाचे तर प्रत्येकाची संमती नव्याने मिळवावी लागते. खुद्द बॅनप्रेस्टोचा खेळविभाग 2008 मध्ये नामको बांदाईत विलीन झाला. जपानच्या राष्ट्रीय ग्रंथालयात अशा इलेक्ट्रॉनिक प्रकाशनांची प्रत देणे बंधनकारक झाले ते ऑक्टोबर 2000 पासून. 1992 चा खेळ त्या कक्षेबाहेर राहतो. आपला 1954 चा ग्रंथप्रदान कायदा तर पुस्तके आणि वृत्तपत्रे यांपुरताच आहे. उद्या एखाद्या मराठी विद्यार्थ्याने खेळ रचला, तर त्याची प्रत कोणत्या ग्रंथालयाने मागावी, याचे उत्तर त्या कायद्यात नाही.